धोप बनवून घेताना : पात्याचे माप कसे ठरवावे?

शिवजयंतीची मिरवणूक, ऐतिहासिक नाटक, मर्दानी खेळांचे पथक किंवा दिवाणखान्यातली काचपेटी. निमित्त कोणतेही असो, आपल्यापैकी अनेकांना शिवकालीन धाटणीची एखादी तलवार करवून घ्यावीशी वाटते. कारागीर विचारतो, "किती फुटी?" आपण "तीन फुटी" सांगून मोकळे होतो. तलवार दिसायला झकास येते, पण हातात घेतली की टोक जमिनीकडे ओढते आणि दहा मिनिटांत मनगट भरून येते. मग आपण म्हणतो, "पूर्वीच्या माणसांच्या अंगात ताकदच तशी होती!"

ताकद होतीच, पण त्यांच्या तलवारी अशा बोजड नव्हत्या. त्या काळच्या सरळ पात्याच्या तलवारी मुठीसह बहुधा एक ते दीड किलोत बसतात. आपल्या प्रतिकृतीत गडबड होते ती जाडीत, आणि जाडीबद्दल आपण कारागिराला काही सांगतच नाही.

धोप म्हणजे काय?

धोप ही लांब, सरळ पात्याची मराठा तलवार. घोडेस्वाराला उपयोगी आणि भोसकण्यास सोयीची. तिच्याच कुळातली फिरंग ऊर्फ फिरंगी. पोर्तुगीज व इतर युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत गोव्यासारख्या बंदरांत उतरलेली पाती इथल्या कारागिरांनी देशी मुठीत बसवली, म्हणून हे नाव. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेलेली, आज ब्रिटिश राजसंग्रहात असलेली तलवारही सरळ युरोपीय पात्याची आहे.

या तलवारींची पाती साधारण ८५ ते ९५ सेंमी लांब आणि मुठीजवळ ३ ते ४ सेंमी रुंद आढळतात. छायाचित्रावरून आपण नेमकी हीच दोन मापे उतरवून घेतो. तिसरे माप, म्हणजे जाडी, छायाचित्रात दिसतच नाही.

जाडीचा हिशेब

खऱ्या पात्याची जाडी मुळापासून टोकापर्यंत सारखी नसते, ती हळूहळू कमी होत जाते. बाजारी प्रतिकृती मात्र सरसकट एका जाडीच्या पट्टीतून कापलेली असते. याने किती फरक पडतो, ते आकड्यांत पाहू. दोन पाती घ्या. लांबी दोन्हींची ९० सेंमी आणि दोन्हींना कडांकडे सारखाच उतार.

पहिले पाते मुळापासून टोकापर्यंत ३.८ सेंमी रुंद आणि ६ मिमी जाड. त्याचे वजन भरेल साधारण सव्वाअकराशे ग्रॅम.

दुसरे पाते मुळाशी तेवढेच रुंद आणि जाड, पण टोकाकडे रुंदी २.२ सेंमी आणि जाडी २.५ मिमीपर्यंत उतरवलेली. याचे वजन साधारण ६५० ग्रॅम.

आता दोन्हींना ४५० ग्रॅमची मूठ बसवा. पहिल्या तलवारीचा तोल मुठीपासून सुमारे ३० सेंमीवर जातो, दुसरीचा १८ सेंमीवर. वजन तिसऱ्या हिश्श्याने कमी झालेच, पण मनगटावर पात्याची जी ओढ येते ती निम्म्याहूनही कमी झाली. तलवार 'हलकी हाताची' असणे म्हणतात ते हेच.

उलट टोकाला पत्राच करून टाकला तरी चालत नाही. धोप भोसकण्याची असल्याने पाते ताठ हवे, लवलवणारे नको. मध्यावर ४ मिमीच्या खाली जाऊ नये.

पन्हळ कशासाठी?

पात्यावर लांबट पन्हळ असते ती रक्त वाहून जाण्यासाठी, असे सर्रास सांगितले जाते. खरे कारण साधे आहे : ताठपणा फारसा न घालवता मधले पोलाद कमी करणे. दोन्ही बाजूंना १२ मिमी रुंद आणि १ मिमी खोल पन्हळ अर्ध्या पात्यापर्यंत नेली, तर पन्नास-साठ ग्रॅम वाचतात.

हे वाचवलेले वजन आपल्याला लागणार आहे. आपली तलवार बिनधारेची असावी, आणि धार न काढता कडा दीड-दोन मिमी जाड व गोल ठेवल्या की शंभरेक ग्रॅम वाढतात. पन्हळ त्यातला निम्मा भार उतरवते. ती टोकापर्यंत मात्र नेऊ नये. तिथे पाते आधीच पातळ झालेले असते.

लांबी कोणासाठी?

धोपेची लांबी घोड्यावरच्या माणसाचा विचार करून ठरलेली आहे. आपण मिरवणुकीत पायी चालतो. साडेपाच फुटी माणसाने हात खाली सोडला, तर मूठ जमिनीपासून ७०-७५ सेंमीवर येते. म्हणजे ९० सेंमीचे पाते रस्त्यावर घासणार किंवा मागच्याच्या पायात जाणार. म्हणून :

काचपेटीसाठी मूळ माप ठेवा, ८५ ते ९५ सेंमी.

मिरवणुकीसाठी किंवा रंगमंचासाठी ७५ सेंमीच्या आसपास ठेवा. रुंदीही त्याच प्रमाणात, मुळाशी साडेतीन सेंमीच्या आत, नाहीतर तलवार आखूड आणि फताडी दिसते.

मुलांच्या पथकासाठी पोलाद नकोच. लाकडी पाते घ्या आणि लांबी मुलाच्या उंचीनुसार ठरवा. वाढत्या वयातल्या मनगटावर लोखंडाचा भार टाकून शौर्य शिकवता येत नाही.

मूठ आणि जोड

धोपेच्या मुठीला बोटांपुढे रुंद परज, मनगटाकडे गोल वाटी आणि तिच्यातून मागे निघालेला गज असतो. संग्रहालयातल्या मुठी आपल्याला आत अरुंद वाटतात. त्यामुळे हुबेहूब माप घेण्याऐवजी आपला पंजा मुठीत आवळून बोटांची रुंदी मोजा आणि त्यात बोटभर जागा मिळवा.

सगळ्यात महत्त्वाचा जोड. जुन्या पद्धतीत पाते मुठीत लाखेने बसवत. धोपेसारख्या तलवारीत पात्याच्या दोन्ही अंगांना आधारपट्ट्या देऊन खिळेही मारत. आजच्या स्वस्त तलवारीत मुठीत जाणारा भाग म्हणजे पात्याला डाग देऊन जोडलेला बारीक गज असतो. फिरवताना तो तुटला, तर अर्धा-पाऊण किलोचे पाते थेट प्रेक्षकांत जाते. पाते आणि मुठीतला भाग एकाच पोलादाचा, अखंड हवा. पोलादही गाडीच्या पाट्याच्या जातीचे, योग्य पाणी दिलेले असावे. चकचकीत स्टेनलेसचे लांब पाते शोभेला ठीक. खेळात वापरू नये.

कारागिराला काय लिहून द्यावे?

तोंडी सांगू नका, कागदावर द्या. पात्याची लांबी, मुळाशी आणि टोकाआधी रुंदी, मुळाशी, मध्यावर आणि टोकाआधी जाडी (वरच्या उदाहरणात ६, सव्वाचार आणि अडीच मिमी), पन्हळीची लांबी, कडांची जाडी, मुठीची आतली रुंदी, मुठीसह एकूण वजन, आणि तोल मुठीपासून किती अंतरावर हवा. आधी प्लायवुडचे पाते कापून हातात धरून पाहिले, तर लांबी-रुंदीचा निर्णय घरच्या घरी होतो.

तलवार ताब्यात घेताना व्हर्निअरने तिन्ही ठिकाणी जाडी मोजा, वजनकाट्यावर ठेवा आणि पाते एका बोटावर तोलून पाहा. मूठ जराशी जरी खुळखुळत असेल, तरी परत करा.

तलवार हे शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कक्षेतले शस्त्र आहे. प्रतिकृती बिनधारेची असली तरी ती बनवून घेण्याआधी आणि मिरवणुकीत नेण्याआधी स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी विचारणा करावी. प्रत्येक राज्यात, कधी प्रत्येक शहरात, आदेश वेगळे असू शकतात.

माप ठरवण्याआधी खरी पाती पाहून यावीत. हैदराबादकरांना सालारजंग संग्रहालय जवळ आहे, ग्वाल्हेरकरांना जयविलास, वडोदरेकरांना लक्ष्मीविलास राजवाड्यातले शस्त्रागार. पेटीसमोर उभे राहाल तेव्हा एकदा बाजूने, वाकून पाहा. मुठीपासून टोकाकडे पाते कसे पातळ होत जाते, ते तिथूनच दिसते.