विश्लेषण : मुलांना विज्ञान शिकवण्यासाठी पुस्तके भरपूर, मग अडते कुठे?

शाळा सुरू होऊन महिना-दीड महिना झाला, की ठाण्याच्या राममारुती रोडपासून डोंबिवलीच्या फडके रोडपर्यंत पुस्तकांच्या दुकानांत सहावीच्या पालकांची विचारणा सुरू होते : ‘बालवैज्ञानिकचे गाइड आले का?’ गाइड मिळते, सोबत प्रश्नसंच मिळतो, प्रयोगाचे किटही मिळते. दुसरीकडे, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रापासून बालभारतीपर्यंत अनेकांनी तयार केलेले उत्तम साहित्य इंटरनेटवर फुकट पडून आहे आणि बहुतेक घरांना त्याचा पत्ता नाही. मुलाला विज्ञान समजावे म्हणून नेमके काय घ्यावे, काय टाळावे आणि कशाला पैसेच लागत नाहीत, याचा हा आढावा.

बालवैज्ञानिक स्पर्धेसाठी क्लास लागतो का?

मुंबई विज्ञान अध्यापक मंडळाची ‘डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा’ १९८१पासून घेतली जाते. ती सहावी आणि नववीच्या मुलांसाठी असते. लेखी परीक्षा, मग प्रात्यक्षिक, पुढे कृती संशोधन प्रकल्प आणि मुलाखत असे तिचे टप्पे आहेत. मुलाने फक्त पाठ करू नये, हाताने करून पाहावे आणि आजूबाजूच्या एखाद्या प्रश्नावर काम करावे, हा या रचनेचा हेतू उघड दिसतो.

पण पहिला टप्पा लेखी आहे आणि पुढे जायचे तर तो ओलांडावा लागतो. त्यामुळे तयारीचा सगळा भर त्याच्यावर येतो. शास्त्रज्ञांची नावे, शोधांची वर्षे, नोबेलची यादी अशी ‘सामान्य ज्ञाना’ची पाने मुले रात्री घोकतात. क्लासमध्ये प्रात्यक्षिकाचीही ‘उत्तरे’ लिहून दिली जातात. प्रकल्पाचा विषय तर बरेचदा आई-बाबाच ठरवतात. ठाणे, डोंबिवली, कल्याणमधल्या मराठी घरांत या स्पर्धेला जी प्रतिष्ठा आहे, ती पाहता पालकांना दोष देऊन उपयोग नाही. मात्र अकरा वर्षांच्या मुलाला लिटमसचा रंग पाठ असतो आणि घरातली हळद साबणाने लाल होते हे त्याने कधी पाहिलेले नसते, तेव्हा तयारी कशाची चालली आहे, हा प्रश्न विचारायला हवा.

प्रकल्पांसाठीची दुसरी वाट म्हणजे राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद. १९९३मध्ये सुरू झालेल्या या उपक्रमात १० ते १७ वर्षांची मुले गट करून परिसरातला एखादा प्रश्न अभ्यासतात आणि आपल्या भाषेत मांडतात. महाराष्ट्रातले तिचे संयोजन अनेक वर्षे ठाण्याच्याच जिज्ञासा ट्रस्टने केले, हे ठाणेकरांनाही फारसे माहीत नसते.

प्रयोगांचे पुस्तक चांगले की वाईट, हे कसे ओळखावे?

एक सोपी चाचणी आहे. पुस्तकात मेणबत्ती आणि ग्लासचा प्रयोग शोधा. तो जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असतो. ताटलीत पाणी घ्यायचे, मधोमध मेणबत्ती पेटवायची, वर ग्लास उपडा घालायचा. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढते. आता खालचे स्पष्टीकरण वाचा. ‘ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली, यावरून हवेत एकपंचमांश ऑक्सिजन असतो हे सिद्ध होते,’ असे लिहिले असेल तर पुस्तक परत कपाटात ठेवायला हरकत नाही.

कारण हे स्पष्टीकरण चूक आहे आणि ते चूक असल्याचे तोच प्रयोग दाखवतो. नीट पाहिले तर ज्योत जळत असताना पाणी फारसे चढत नाही, ती विझल्यावर झपकन चढते. ऑक्सिजन हळूहळू संपत असेल तर पाणीही हळूहळू चढायला हवे होते. आता एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ग्लास तोच, हवा तेवढीच, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच. तरी पाणी आधीपेक्षा जास्त चढते. खरे कारण मुख्यतः उष्णतेचे आहे. ज्योतीमुळे ग्लासातली हवा तापून प्रसरण पावते, थोडी बाहेर निसटते (कडेला बुडबुडे दिसले तर ते त्याचेच). ज्योत विझली की उरलेली हवा थंड होऊन आकुंचन पावते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन वापरला जातो हे खरे, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते, म्हणून तो हिशेब इतका सरळ नाही. शिवाय सगळा ऑक्सिजन संपण्याच्या बऱ्याच आधी मेणबत्ती विझते.

हे सविस्तर सांगण्याचे कारण म्हणजे चांगले पुस्तक ‘तीन मेणबत्त्या लावून पाहा’ असे सुचवते आणि उत्तर लगेच देत नाही. सुमार पुस्तकात साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे चारही रकाने आधीच भरलेले असतात. मग मुलाला करायला उरतेच काय? यूट्यूबवरच्या बेकिंग सोड्याच्या ज्वालामुखीचेही तसेच. फेस येतो, टाळ्या पडतात, व्हिनेगर दुप्पट केले तर फेस दुप्पट होतो का, हे कोणी विचारत नाही.

मायकेल फॅरेडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे मेणबत्ती याच एका विषयावर सहा व्याख्याने दिली होती. १८६१मध्ये त्यांचे पुस्तक झाले. ते आजही इंटरनेटवर मोफत वाचता येते आणि एका मेणबत्तीत किती विज्ञान मावते हे पाहायला त्याच्याइतके चांगले पुस्तक सापडणे कठीण.

मोफत काय उपलब्ध आहे?

सुरुवात जवळच्या संस्थेपासून. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४मध्ये सुरू झाले आणि ते मानखुर्दला आहे. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने वाशी, तिथून पूल ओलांडला की पुढचे स्थानक. या केंद्रात जयश्री रामदास यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेली ‘स्मॉल सायन्स’ ही प्राथमिक वर्गांची पुस्तकमालिका केंद्राच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. ती इंग्रजीबरोबर मराठी आणि हिंदीतही आहे. पाठ्यपुस्तक, कार्यपुस्तिका आणि शिक्षकांसाठीचे पुस्तक असे तिचे तीन भाग आहेत. पालकांनी आधी शिक्षकांचे पुस्तक वाचावे. मूल चुकीचे उत्तर देते तेव्हा ते कसा विचार करत असते, हे त्यातून कळते.

दुसरा खजिना अरविंद गुप्ता यांचा. आयआयटी कानपूरमधून शिकलेले गुप्ता पुण्यात टेल्कोत नोकरीला होते. १९७८मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथल्या आठवडी बाजारात सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि आगपेटीच्या काड्या त्यांच्या हाती आल्या आणि त्यातून त्रिकोण, घन, रेणूंचे सांगाडे तयार झाले. कचऱ्यातून खेळणी ही कल्पना तिथून वाढत गेली. पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी दशकभर काम केले. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या कृती, छोट्या चित्रफिती आणि हजारो पुस्तके आहेत. त्यात मराठी पुस्तकांचा स्वतंत्र विभाग आहे. सगळे मोफत.

होशंगाबादचा तो कार्यक्रमही लक्षात ठेवण्यासारखा. १९७२मध्ये १६ ग्रामीण शाळांत तो सुरू झाला. ‘बाल वैज्ञानिक’ नावाची त्याची पुस्तके होती, ज्यात उत्तरे छापलेली नसत. परीक्षेला पुस्तक उघडे ठेवायची मुभा होती आणि प्रात्यक्षिकाला गुण होते. शेकडो शाळांपर्यंत पोहोचलेला हा कार्यक्रम २००२मध्ये राज्य सरकारने बंद केला. ‘बालवैज्ञानिक’ हा शब्द तिथे एका पुस्तकाचे नाव होता, आपल्याकडे तो पदकाचे नाव झाला.

बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, हे करोनाकाळानंतर बहुतेकांना ठाऊक झाले. १९७१पासून निघणाऱ्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही बालभारतीने ऑनलाइन खुले केले आहेत, हे मात्र कमी जणांना माहीत आहे. त्यातले जुने विज्ञानलेख रात्री झोपताना वाचून दाखवायला छान. थोड्या मोठ्या मुलांसाठी जयंत नारळीकरांचे ‘आकाशाशी जडले नाते’ आणि शिक्षकांसाठी ‘शैक्षणिक संदर्भ’ हे द्वैमासिक आहेच. ही पुस्तके विकतच घ्यायला हवीत असेही नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. मुलाला एकदा स्वतःच्या नावाने सभासद करून पाहा.

विज्ञान मराठीतून की इंग्रजीतून?

सेमी इंग्रजीमुळे हा प्रश्न ठाणे-कल्याण पट्ट्यात घरोघरी आहे. एकीकडे ‘अपवर्तन’, ‘बाष्पीभवन’, ‘प्रकाशसंश्लेषण’ हे शब्द अवघड वाटतात म्हणून पालक इंग्रजीकडे वळतात. पण ‘इव्हॅपोरेशन’ची स्पेलिंग पाठ झाली म्हणून पावसाळ्यात गॅलरीतले कपडे दोन-दोन दिवस का वाळत नाहीत, हे समजते असे नाही. मुलाच्या दृष्टीने दोन्ही शब्द सारखेच परके.

होमी भाभा केंद्राचे संस्थापक संचालक व्ही. जी. कुलकर्णी यांच्या गटाने सत्तर-ऐंशीच्या दशकांत मुलांसोबत काम करताना नेमका हाच मुद्दा तपासला होता. पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली, की मुलांना विज्ञान अधिक समजते, असे त्यांना आढळले. म्हणजे अनेकदा अडसर विज्ञानाचा नसतो, वाक्यरचनेचा असतो. घरी करण्यासारखी गोष्ट एवढीच की आधी घटना दाखवावी, त्याबद्दल घरच्या भाषेत बोलावे आणि नाव शेवटी सांगावे. पाण्यातली पेन्सिल मोडल्यासारखी दिसते हे पाहिलेल्या मुलाला अपवर्तन म्हणा की रिफ्रॅक्शन, फरक पडत नाही.

मोबाइलचा उपयोग होतो का?

होतो, पण पाहण्यापेक्षा मोजण्यासाठी. जर्मनीतील आखन विद्यापीठाचे ‘फायफॉक्स’ हे मोफत अ‍ॅप फोनमधले सेन्सर वापरून त्वरण, आवाज, चुंबकक्षेत्र मोजते. इमारतीच्या लिफ्टमध्ये फोन जमिनीवर ठेवा आणि लिफ्ट सुटताना, थांबताना आलेख कसा बदलतो ते पाहा. ठाणे सोडताना लोकल किती झपाट्याने वेग घेते, हेही मोजता येते (गर्दीच्या वेळी नको). कोलोरॅडो विद्यापीठाची ‘फेट’ सिम्युलेशन्स ब्राउझरमध्ये चालतात आणि त्यातली काही मराठीत आहेत. विद्युत परिपथासाठी ती उत्तम, कारण तिथे चुकीची जोडणी केली तरी काही जळत नाही.

ठाणे जिल्ह्यातच कोणते साहित्य आहे?

सर्वांत मुबलक म्हणजे पाऊस. जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या घरात पडतो. सरळ कडांची प्लास्टिकची बाटली वरून कापा, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. तळ सपाट नसेल तर शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरून घ्या आणि पट्टी चिकटवा. झाले पर्जन्यमापक. रोज ठरलेल्या वेळी नोंद करायची. आता गणित : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सोसायटीची गच्ची ३०० चौरस मीटरची असेल आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर गच्चीवर ३० हजार लिटर पाणी पडले. दहा हजार लिटरचे तीन टँकर. उन्हाळ्यात टँकरसाठी पैसे मोजणाऱ्या सोसायटीत सातवीच्या मुलाने ही नोंदवही सर्वसाधारण सभेत मांडली, तर तिला प्रकल्प म्हणायला कुणाची हरकत नसावी.

दुसरे साहित्य सावली. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे ठाणे, डोंबिवली, कल्याण इथे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. पहिली वेळ १६ मेच्या आसपास, दुपारी साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी. १२ वाजता का नाही, हाही एक छान प्रश्न. उत्तर भारतीय प्रमाणवेळेत आहे : ती ज्या रेखावृत्तावरून ठरते, ते आपल्यापासून बरेच पूर्वेला आहे. दुसरी वेळ २७ जुलैच्या सुमारास, म्हणजे भर पावसात, ढगांआड. ठाण्याचे खगोल अभ्यासक दा. कृ. सोमण दर वर्षी या दिवसाची आठवण करून देतात. गंमत अशी की मेमध्ये शाळा बंद असतात. त्यामुळे हा प्रयोग गच्चीवर पालकांनीच करायचा.

उल्हास नदीचे पाणी, खाडीतला चिखल, डोंबिवली एमआयडीसीतल्या हवेचा वास हे मुलांच्या रोजच्या पाहण्यातले विषय. २०१४मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडल्याची चर्चा झाली, २०२०मध्ये एक रस्ता गुलाबी झाला. त्या वेळी जी मुले शाळेत होती, त्यांच्या विज्ञानाच्या वहीत यातले काही आले असेल का?

शाळांमध्ये मग अडते कुठे?

शहापूर, मुरबाडच्या वाड्या-पाड्यांवरच्या शाळांत प्रयोगशाळा नसते, असे आपण सहज म्हणतो. पण शहरातल्या अनेक शाळांत ती असूनही कुलूपबंद असते. कारणे नवी नाहीत. साहित्य फुटले तर भरपाई कोणी करायची, साठ मुलांचा वर्ग ३५ मिनिटांत प्रयोग कसा करणार, पोर्शन कधी संपवणार आणि मधूनच येणारी अशैक्षणिक कामे. या शिक्षकांना आणखी एक किट किंवा आणखी एक अ‍ॅप देऊन फारसे साधत नाही. त्यांना हवा असतो जोड तास आणि काचेची परीक्षानळी फुटल्यावर जाब न विचारणारे मुख्याध्यापक.

आगपेटीच्या काड्या आणि व्हॉल्व्हच्या नळीचे महत्त्व इथे कळते. त्या फुटत नाहीत, हरवल्या तर नोंद करावी लागत नाही आणि वर्गातल्या साठही मुलांच्या हातात देता येतात. आता गिअरच्या सायकली आल्या आणि ती काळी नळी दुकानात लवकर मिळत नाही. कल्याण-मुरबाड रस्त्यावरच्या एखाद्या जुन्या सायकल दुरुस्तीवाल्याकडे विचारून पाहा.