रस्सी तीच, ओढणारे एका बाजूला

पुण्याहून पौडच्या दिशेने गेले, की मुळशी तालुक्यात खुबवली गावाजवळच्या डोंगरावर महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. ते १९९७ साली सुरू झाले. नाव कॉलेजचे असले तरी मुले अकरावी-बारावीच्या वयाची. देशोदेशीची ही मुले दोन वर्षे एकाच आवारात राहतात. त्यांच्या वसतिगृहांना तिथे चक्क ‘वाडा’ म्हणतात.

या कॉलेजांमागची कल्पना कुर्त हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची. १९५५ साली पॅरिसमधल्या नाटोच्या संरक्षण महाविद्यालयात त्यांनी पाहिले, की दहा वर्षांपूर्वी एकमेकांशी लढलेल्या देशांचे अधिकारी एकत्र काम करीत आहेत. मोठ्यांना हे जमते, तर मुलांना का जमू नये? या विचारातून १९६२ साली वेल्समध्ये पहिले कॉलेज उघडले.

दोन वर्षे एकत्र राहण्याची संधी मोजक्याच मुलांना मिळते. पण शाळांची आपसातली देवाणघेवाण आता पुष्कळ ठिकाणी होते. परदेशी मुले आठ-दहा दिवसांसाठी येतात. स्वागतगीत होते, भाषणे होतात, फोटो निघतात. मुले मात्र आपापल्या कोपऱ्यात उभी! कुणाला इंग्रजीची भीती, कुणाला आपल्या उच्चारांची लाज. ही कोंडी बहुधा मैदानावर फुटते, कारण तिथे व्याकरण लागत नाही.

आणि गंमत अशी, की खेळ पुष्कळदा दोघांचाही असतो. आपली लगोरी पाकिस्तानात पिट्ठू गरम म्हणून खेळतात, तर इराणमध्ये तिला ‘हफ्त संग’, म्हणजे सात दगड, म्हणतात. आपल्या विटीदांडूसारखा खेळ तुर्कस्तानातही आहे. आपल्या अम्मी-खाला अंगणात सागरगोटे खेळायच्या. तसाच पाच खड्यांचा खेळ तुर्कस्तानात ‘बेश ताश’ आणि कोरियात ‘गोंगी’ या नावाने चालतो. पाहुण्या मुलीने खडे उचलून वर फेकले, की आपली लेक न सांगता पुढे सरकते. मग ‘आमच्याकडे असे नसते’ यावरून वाद होतो, आणि दोघी मिळून नवा नियम ठरवतात. ओळख तिथून सुरू होते.

पण प्रत्येक खेळ मैत्रीच करतो, असे मात्र नाही. मुझफ्फर शेरीफ हे मूळचे तुर्कस्तानचे मानसशास्त्रज्ञ. १९५४ साली त्यांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात साधारण अकरा वर्षांच्या बावीस मुलांचे शिबिर घेतले. मुलांचे दोन गट केले आणि त्यांच्यात बेसबॉल, रस्सीखेच अशा स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत शिवीगाळ सुरू झाली, एकमेकांचे झेंडे जाळले गेले. नुसते एकत्र जेवायला बसवल्यानेही भांडण मिटले नाही. मग दोन्ही गटांची मदत लागेल अशा अडचणी त्यांच्यापुढे आणल्या गेल्या. जेवण आणणारा ट्रक ‘बंद पडला’, तेव्हा मुलांनी रस्सीखेचीचीच रस्सी बांधून तो मिळून ओढला. अशा कामांतून हळूहळू वैर ओसरले. मुलांना खरा हेतू न सांगता केलेल्या या प्रयोगावर पुढे टीकाही झाली; पण त्यातला धडा आपल्या कामाचा आहे. ‘भारत विरुद्ध पाहुणे’ असा सामना लावू नये. संघ मिसळावेत, प्रत्येक संघात दोन्हीकडची मुले असावीत, आणि हरले-जिंकले तरी ती एकाच बाजूची असावीत.

दुसरा धडा इराकचा. आयसिसमुळे घरदार सोडावे लागलेल्या ख्रिस्ती तरुणांच्या फुटबॉल संघांपैकी काही संघांत सलमा मूसा या संशोधक महिलेने मुस्लिम खेळाडू घेतले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले, की मिश्र संघांतले तरुण सहा महिन्यांनंतरही मुस्लिमांबरोबर सराव करायला अधिक तयार होते. मात्र मोसुल शहरातल्या उपाहारगृहात जाणे किंवा मिश्र समारंभाला हजर राहणे यात फारसा फरक पडला नव्हता. मैदानावरची मैत्री आपोआप घरापर्यंत येत नाही. तिला हात धरून आणावे लागते.

ते काम आपले, पालकांचे. आपली बरीच मुले आज आपल्याच मोहल्ल्यात राहतात, आपल्याच मुलांबरोबर शिकतात. त्यांच्यासाठी ‘परदेशी’ मूल कधी कधी शेजारच्या गल्लीतलेच असते. म्हणून मुळशीपर्यंत जाण्याची वाट पाहायला नको. जवळच्या मराठी शाळेला आणि उर्दू शाळेला एका सुट्टीच्या दिवशी, मिश्र संघ करून, लगोरी खेळायला बोलावता येईल. आणि लेकीला विसरू नका. मुलगी दहा-बारा वर्षांची झाली, की अनेक घरांत तिचे खेळणे थांबते, आणि खेळातून होणारी ओळखही तिथेच थांबते. पोशाख तिच्या सोयीचा ठेवा, सोबत शिक्षिका असू द्या, पण तिला मैदानावर जाऊ द्या.

खेळ संपला, की नव्या दोस्तांना घरी बोलवा. दस्तरखान अंथरा, साधी खिचडी असली तरी चालेल. खेळून आलेल्या सगळ्याच मुलांना तेव्हा भूक लागलेली असते.