टोपीखाली दडलेला पोलीस

उंच काळी टोपी, वटारलेले डोळे आणि ओठ फाकवून दाखवलेली टोकदार दातांची रांग. लॉन चेनीचा हा फोटो जिथे दिसेल तिथे खाली ठरलेली ओळ असते: ‘लंडन आफ्टर मिडनाइट’, १९२७, अमेरिकेतला गाजलेला रक्तपिशाचपट. भयपटांवर लिहिणारे जाणकारही हे बिनदिक्कत छापतात, तेव्हा खरोखर चीड येते. या चित्रपटात रक्तपिशाच एकही नाही!

कथा सरळसरळ खुनाच्या तपासाची आहे. रॉजर बाल्फर घरात मेलेला सापडतो आणि आत्महत्या म्हणून प्रकरण मिटतं. पाच वर्षांनी त्या ओसाड घरात भेसूर मंडळी राहायला येतात. त्यातला टोपीवाला म्हणजे वेश पालटलेला स्कॉटलंड यार्डचा अधिकारी बर्क. दोन्ही भूमिका चेनीच्याच. सोबतची वटवाघळासारखी ल्यूना हीसुद्धा बर्कच्या बनावाचाच भाग. भीती आणि संमोहन वापरून तो खुनाची रात्र पुन्हा उभी करतो आणि शेजारी सर जेम्स हॅमलिनचा गुन्हा उघडा पाडतो. दिग्दर्शक टॉड ब्राउनिंगच्या मूळ कथेचं नावच ‘द हिप्नॉटिस्ट’ होतं.

तरीही शंका असेल, तर ब्राउनिंगनेच १९३५ मध्ये याच कथेवरून केलेला ‘मार्क ऑफ द व्हॅम्पायर’ बघावा. तो उपलब्ध आहे. शेवटी बेला लुगोसीचा पिशाच साधा रंगमंचावरचा नट निघतो.

मग गैरसमज टिकला कसा? मूळ चित्रपटच हरवला. त्याची शेवटची ज्ञात प्रत १९६५ मध्ये एमजीएम स्टुडिओच्या गोदामाला लागलेल्या आगीत जळाली. मागे उरले फोटो, आणि सगळीकडे फिरला तो टोपीवाल्याचा. मुखवटा उतरल्यानंतरचा बर्क पुढच्या पिढ्यांना पडद्यावर पाहायलाच मिळाला नाही. २००२ मध्ये रिक श्मिडलिनने टीसीएम वाहिनीसाठी असेच फोटो जुळवून कथा पुन्हा मांडली. लिहिण्याआधी निदान ती तरी पाहावी.

टोपीवाल्याचा तो चेहरा कॅमेऱ्याची करामत होती असं कुणी म्हणत असेल, तर तेही खोटं. डोळ्यांभोवती बारीक तार आणि तोंडात बनवलेले दात बसवून चेनीने तो स्वतः रंगवला होता.

चित्रपट पडला म्हणून विसरला गेला, असंही म्हणतात. प्रत्यक्षात ब्राउनिंग-चेनी जोडीच्या चित्रपटांत सर्वाधिक कमाई याचीच होती.