मोळीएवढा हक्क

चुलीपुरते जळण जंगलातून आणूच नका, असे सरकारने सरसकट कधी म्हटले नाही. वाद नेहमी त्यापुढचा होता. किती आणायचे, कोणते आणायचे, कशावरून न्यायचे आणि आणलेले विकायचे की नाही? दीडशे वर्षांचे वनकायदे ओळीने पाहिले, तर या प्रश्नांची उत्तरे बदलत गेलेली दिसतात. माप मात्र फारसे बदलले नाही. गरिबाची गरज म्हणजे डोईवर मावेल तेवढी मोळी, हे बहुतेक सगळ्यांनी गृहीत धरले.

१८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढे रुळांखालच्या स्लीपरांसाठी मोठी जंगलतोड सुरू झाली. चांगले लाकूड संपेल या धास्तीने १८६४ मध्ये वनखाते उभे राहिले. डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनतज्ज्ञ त्याचे पहिले प्रमुख. १८६५ चा कायदा अपुरा वाटला म्हणून १८७८ चा आला, पण त्याआधी खात्यातच चांगली जुंपली. वनअधिकारी बेडन-पॉवेल यांचे म्हणणे असे की, सरकारने मान्य करून नोंदवला तो हक्क; बाकीची वहिवाट म्हणजे केव्हाही काढून घेता येणारी सवलत. गावांना त्यांची स्वतःची जंगले राहावीत, हा ब्रँडिस यांचा आग्रह. कायद्यात ग्रामवनाचे प्रकरण आले खरे, पण ते बहुतेक कागदावरच राहिले. राखीव जंगलात परवानगी असेल तेवढेच करता येणार आणि संरक्षित जंगलात मनाई नसेल तेवढे करता येणार, अशी विभागणी झाली. १९२७ च्या कायद्याने हीच चौकट पुढे नेली आणि तो कायदा आजही लागू आहे.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांना याची झळ फार लवकर लागली. भाताच्या रोपासाठी राब भाजायचा, तर झाडांचे टहाळ आणि पालापाचोळा हवा. फांदी तोडणे गुन्हा ठरल्यावर नुसती चूल नव्हे, शेतीही अडली. त्यात मुंबईच्या चुलींना लागणारे लाकूड आणि कोळसा याच भागातून जात होता. ठेकेदाराने विकत घेतलेल्या कूपातला, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या पट्ट्यातला, माल उघडपणे वखारीत पोचायचा आणि त्याच डोंगराखालचा कातकरी चार फाट्यांसाठी धरला जायचा. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्यावर कोरडे ओढले ते याच दिवसांत. ओरड इतकी वाढली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वनविषयक चौकशी आयोग नेमावा लागला.

सरकारला हे कळत नव्हते असे नाही. शेतीतज्ज्ञ व्होल्कर यांनी १८९३ च्या अहवालात रोखठोक लिहिले होते की, सरपण मिळत नाही म्हणून लोक शेण जाळतात आणि शेत खताला मुकते. तेव्हा जळण-चाऱ्यासाठी वेगळी वने राखा. पुढच्याच वर्षीच्या वनधोरणाने काही जंगले स्थानिक गरजांसाठी असावीत, हे मान्यही केले. परंतु गावकऱ्याची गाठ धोरणाशी पडत नाही, ती गार्डाशी पडते. पास, फी, दंड, जप्त झालेली कुऱ्हाड, पकडलेले ढोर कोंडवाड्यातून सोडवण्याची पायपीट, असा हा रोजचा व्यवहार होता.

ही चीड १९३० च्या कायदेभंगात बाहेर पडली. समुद्र दूर असलेल्या मुलखात मिठाच्या कायद्यापेक्षा जंगलचा कायदा जास्त जाचत होता. जुलैमध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून सत्याग्रह केला. बागलाण, संगमनेर, बिळाशी असे ठिकठिकाणी लोण पसरले. २५ सप्टेंबरला उरणजवळच्या चिरनेरला अक्कादेवीच्या रानात गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात या घटनांना जागा मिळाली, पण सरपणाचा मूळ प्रश्न स्वातंत्र्यानंतर तसाच मागे पडला. १९५२ च्या राष्ट्रीय वनधोरणाने तर गावाच्या गरजेपायी राष्ट्रहिताला बाधा येता कामा नये, असे बजावले.

विदर्भाची वाट थोडी निराळी होती. तिथे मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, जंगलात गावाचा ‘निस्तार’, म्हणजे घरगुती गरजेपुरता वापर, चाले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, जंगल सरकारकडे आले आणि निस्तार कागदावर उतरला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही निस्तारपत्रकाची तरतूद आहे. गावच्या रहिवाशाला लाकूड, जळण, इतर वनोपज कोणत्या अटींवर आणि किती मिळेल, हे त्यात लिहायचे असते. वनखात्याच्या आगारांतून जळाऊ बिटे, म्हणजे लाकडाचे रचलेले ढीग, देण्याची पद्धतही तिथे रुळली. आगारात बिटे नसली की आजही पहिली बोंब होते ती मयतीच्या लाकडांची.

नियम प्रत्यक्षात कसा वागतो ते मोळीत दिसते. जमिनीवर दोन वेल आडवे टाकायचे, सरळ फाटे बाहेरून लावायचे, वेड्यावाकड्या काटक्या मध्ये दडपायच्या, मग गुडघा रोवून आवळायचे. डोईवर चुंबळ ठेवली तरी दुसरीने हात दिल्याशिवाय ओझे उचलवत नाही, म्हणून बायका एकट्या जात नाहीत. तोडायचे ते फक्त वाळलेले, पडलेले, अशी अट. पण गावाजवळच्या रानातले वाळलेले केव्हाच संपते. मग हिरव्या झाडाची बुंध्याशी गोल साल काढून ठेवायची. झाड उभ्याउभ्या वाळते आणि पुढे नियमात बसते. झाड वाचवण्यासाठी घातलेली अट अशी झाड मारायला शिकवते. विक्रीचेही तसेच. मोळी बाजारात गेली की गुन्हा होतो, पण ती विकत घेऊन भट्टी पेटवणाऱ्या हॉटेलवाल्याला सहसा कोणी हटकत नाही.

१९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने सुचवले की लोकांचे जळण गावाच्या पडीक जमिनीवर पिकवा. त्यातून सामाजिक वनीकरण आले. निलगिरी आणि सुबाभूळ वाढली, पण बराच माल चुलीऐवजी बाजाराकडे वळला. मोठे वळण आले ते १९८८ च्या वनधोरणाने. वनात आणि वनालगत राहणाऱ्यांच्या जळण-चाऱ्याच्या गरजेचा वनोपजावर पहिला भार, असे त्यात स्पष्ट म्हटले. १९९० पासून संयुक्त वनव्यवस्थापन समित्या आल्या. त्याच सुमारास अभयारण्यांची कवाडे मात्र घट्ट होत होती. फेब्रुवारी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांतून मेलेली, वाऱ्याने पडलेली झाडे आणि गवत नेण्यालाही मनाई केली.

नोंद नाही म्हणून हक्क नाही, हा जुना न्याय २००६ च्या वनहक्क कायद्याने उलटा केला. निस्तार हा सामूहिक हक्क ठरला आणि तो नोंदवण्याची सुरुवात ग्रामसभेपासून झाली. झुडपी लाकूड आणि खुंट गौण वनोपजात आले. पण मोळीच्या मापाची सवय इथेही सुटली नाही. २००८ च्या नियमांनी वनोपज नेण्यासाठी डोके, सायकल आणि हातगाडी एवढीच साधने दिली. ‘योग्य ते वाहन’ यायला २०१२ उजाडले. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडायला २०११ चा एप्रिल लागला.

२०१६ मध्ये गॅसजोडणीची उज्ज्वला योजना आली आणि सरपणाचा विषय संपला, असे शहरातल्या अनेकांना वाटले. पण जोडणी आली तरी पुढचे सिलिंडर रोख पैशांवर येते. चहा गॅसवर होतो. अंघोळीचे पाणी, ढोरांचे आंबवण आणि लग्नातला स्वयंपाक लाकडावरच. चंद्रपूरच्या बाजूला त्या लाकडासाठी वाघाच्या वाटेवर जावे लागते, ही भर वेगळी.

म्हणून आता नवा नियम मागण्यापेक्षा हाताशी असलेला वापरला पाहिजे. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करतात. त्यात बांबू आणि तेंदूचा हिशेब असतो, कारण त्यात पैसा दिसतो. जळणाचाही तितकाच चोख हिशेब हवा. गावाला वर्षाला किती लागते, कोणत्या महिन्यात कोणत्या भागातून आणायचे, वाघामुळे कुठे जायचे नाही, मयतीसाठी किती राखायचे आणि वरचे विकायचे तर कोणी, हे ग्रामसभेने ठरवून लिहावे. मोळी वाहणाऱ्या बायका त्या बैठकीत बोलल्या नाहीत, तर तो हिशेब पुन्हा चुकेल.