पगारातून पीएफ, एनपीएस कापलं जातं. रिटर्नमध्ये काय पाहायचं?

पगारातून दरमहा पीएफ कापला जातो, पण त्यावर करसवलत मिळेलच असं नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी जुनी करप्रणाली निवडली, तर तुमचा पीएफचा हिस्सा ८०सी कलमाच्या दीड लाखांच्या मर्यादेत वजा होतो. नव्या प्रणालीत ही सवलत नाही.

एनपीएसचं गणित वेगळं आहे. कंपनीने भरलेली रक्कम आधी तुमच्या पगारात धरली जाते आणि मग ८०सीसीडी(२) कलमाखाली वजा होते. नव्या प्रणालीत मूळ पगार व महागाई भत्त्याच्या १४ टक्क्यांपर्यंत ही वजावट मिळते. रिटर्नमध्ये हा रकाना रिकामा राहिला, तर हातात न आलेल्या पैशांवरही कर लागतो. म्हणून रिटर्न सबमिट करण्याआधी फॉर्म १६ मधले आकडे नक्की ताडून पाहा.