परक्या प्रोग्रामला किती मोकळीक द्यावी?

अमरावती-अकोल्यात सी शिकणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याला फाइल उघडणारा प्रोग्राम लिहिता येतो. पण तो चालवला की त्याला आपल्या खात्याचे जवळपास सगळे अधिकार आपसूक मिळतात, हे सहसा ध्यानात येत नाही. मित्राने पेनड्राइव्हवर दिलेला गेम तुमचे फोटोही वाचू शकतो!

२०१७ मध्ये ब्राउझरांत रुळलेल्या वेबअसेंब्लीत हिशेब उलटा आहे. सी किंवा रस्टमधला प्रोग्राम या स्वरूपात कंपाइल केला की त्याला स्वतःची मेमरी मिळते, ६४ किलोबाइटच्या पानांनी वाढणारी. त्यापलीकडचं त्याला दिसत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला थेट हाक मारायची सोयही नाही.

ब्राउझरबाहेरच्या वापरासाठी मोझिलाने २०१९ मध्ये ‘वासी’ हे इंटरफेस-मानक जाहीर केलं. ते पाळणाऱ्या ‘वासमटाइम’ या रनटाइममध्ये फाइल उघडणारा तोच सीचा प्रोग्राम चालवून पाहा. फाइल शेजारी असूनही उघडत नाही. चालवताना फोल्डरचं नाव दिलं, तर तेवढंच खुलं होतं. दोन टिंबं टाकून वरच्या फोल्डरात शिरू पाहिलं की नकार. ओसरी दिली म्हणून हातपाय पसरता येत नाहीत.

न संपणारं लूप मात्र यानेही आपोआप थांबत नाही. वेळेची मर्यादा वेगळी घालावी लागते. आणि कंटाळून सगळं होम फोल्डरच देऊन टाकलंत, तर हा बंदोबस्त फुकट.