काळा डोंगर आणि पांढरी टोपी

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची लेणी आहेत. तुमच्यापैकी काहींनी ती सहलीत पाहिली असतील. 'कान्हेरी' हे नाव 'कृष्णगिरी' या संस्कृत शब्दापासून आले. कृष्णगिरी म्हणजे काळा डोंगर. पण फिल्मच्या कॅमेऱ्याने या काळ्या कातळाचा जवळून फोटो काढला, तर तो पुष्कळदा फिकट राखाडी येतो. असे का होते?

कॅमेऱ्यात प्रकाश मोजणारा मीटर असतो. त्याला फक्त प्रकाश कळतो. समोर दगड आहे की कापड, हे कळत नाही. समोरचे दृश्य मध्यम राखाडी आहे, असे धरून तो हिशेब करतो. काळा कातळ थोडाच प्रकाश परत पाठवतो. मीटरला वाटते, येथे अंधार आहे. म्हणून तो फिल्मवर जास्त प्रकाश पडू देतो आणि काळा रंग फिका पडतो.

आता उलट उदाहरण पाहा. ईदच्या सकाळी पांढरे कुर्ते आणि टोप्या घातलेली घरची माणसे पांढऱ्या भिंतीजवळ उभी आहेत. मीटरला वाटते, येथे उजेड फार आहे. तो प्रकाश कमी करतो. मग शुभ्र कपडे मळके दिसतात आणि चेहरे काळवंडतात.

ही चूक सुधारण्यासाठी अनेक कॅमेऱ्यांवर अधिक-उणे चिन्हांची चकती असते. तिने प्रकाशाची भरपाई करता येते. यालाच 'एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन' म्हणतात. चकती +१ वर ठेवली, तर प्रकाश दुप्पट होतो. +२ वर चौपट. -१ वर निम्मा. नियम सोपा आहे: पांढऱ्यासाठी अधिक, काळ्यासाठी उणे. लेण्याच्या दारात मित्र उभा असेल आणि त्याच्यामागे लख्ख ऊन असेल, तेव्हाही अधिक करा. नाहीतर त्याची फक्त काळी आकृती उमटेल.

काही कॅमेऱ्यांवर अशी चकती नसते. तेथे फिल्मच्या वेगाचा आकडा हाताने बदलता येतो. १०० ची फिल्म असताना ५० हा आकडा लावला, तर प्रकाश दुप्पट मिळतो; २०० लावला, तर निम्मा. फोटो काढून झाल्यावर मात्र चकती शून्यावर किंवा आकडा मूळ जागी आणायला विसरू नका. नाहीतर पुढचे सगळे फोटो बिघडतील.

फिल्मच्या एका रोलवर बहुधा ३६ फोटो निघतात. फिल्म धुऊन येईपर्यंत एकही दिसत नाही. तोवर ईद संपलेली असते, पाहुणे आपापल्या गावी गेलेले असतात. तो क्षण पुन्हा मिळत नाही. म्हणून बटण दाबण्यापूर्वी क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, "समोर काळे जास्त आहे की पांढरे?"

मोबाइलच्या कॅमेऱ्यातही प्रकाश कमीजास्त करण्याची सोय असते. यंत्र प्रकाश मोजते. पण आजोबांची टोपी पांढरी आहे, हे तुम्हांलाच ठाऊक असते.